हवेतून हुकलेल्या सीमांतपूजनाची हकीकत

श्री कुलस्वामिनी वाट दाखविणार. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी थोरल्या नगरीहून वऱ्हाड धाकट्या नगरीस लग्नास निघाले, त्याची हकीकत ऐसी जे, नवरदेव हृषीकेशराव, मातुश्री कुमुदिनीबाई आणि त्यांचे बंधू वसंतमामा, ऐसी स्वारी सिद्ध जाहली. मुहूर्त गोरज. रस्त्याने घाट उतरून जावे तर दिवस मोडतो, विमानाने जावे तर चहा निवायच्या आत उतरतो, ऐसी मामांची मसलत पडली. मग पहाटेच विमानतळी कूच केले, आणि पट्टे सोडून, जोडे काढून, नवरदेवाच्या मुंडावळ्याही तबकात ठेवून झडती दिली, आणि विमानास उशीर आहे असे कळल्यावर तेथेच मुक्काम केला, आणि मग एकदाचे उडाले.

इकडे वधूपिते वामनराव वऱ्हाडाचे पाय वेशीवर धुवावे म्हणून जुन्या जकातनाक्यावर तबक घेऊन उभे. विमानतळ वेशीच्या आत, हे कोणाचे ध्यानी नाही. विमान डोक्यावरून गेले तेव्हा ध्यानी आले. मग वामनरावांनी आकाशासच ओवाळिले आणि धावत विमानतळ गाठला, तों विहीणबाई सामानाच्या पट्ट्याशी ठाण मांडून बसलेल्या.

"सीमा ओलांडून झाली, पायाला पाणी नाही," कुमुदिनीबाई वदल्या.

"विहीणबाई, वरून जाताना ओवाळलं की तुम्हाला."

"मला कुठं दिसलं? माझी खिडकीची जागा नव्हती."

"मग खिडकीत कोण होतं?"

"औषधं विकणारा कुणी गृहस्थ. गेला तुमची पूजा घेऊन."

मग बाईंचा हुकूम सुटला जे, सीमेबाहेर जाऊन रस्त्याने पुन्हा येणे. भाड्याच्या गाड्या केल्या, वामनरावही तबकासह चढले, आणि वेस ओलांडली, तों रस्त्यास मधोमध दुभाजक. वळावयास जागा थेट घाटमाथ्यावर. तेथे वळले, तों खाली कांद्याचा ट्रक आडवा होऊन घाट उतरणे बंद. सूर्य कलला. नवरदेवास चार दिवसांत परमुलखी चाकरीवर रुजू होणे होते, आणि पुढला मुहूर्त दोन महिन्यांनी. लग्नच लांबते की मोडते, असा प्रसंग पडला.

हे वर्तमान मांडवात येताच वधू गार्गीबाईंनी शालू खोचला, गुरुजींस स्कूटरवर मागे घेतले, आणि चढणीची बाजू मोकळी, त्या वाटेने घाटमाथा गाठला.

"आधी पाय धुवायचे, मग अंतरपाट," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

गार्गीबाईंनी कडेची पाटी वाचली. "आई, इथून थोरल्या नगरीची हद्द सुरू. म्हणजे मी तुमच्या सीमेत आले. पाय माझे धुवायला हवेत."

"हे शास्त्र हिला कुणी शिकवलं?"

"तूच की ताई," वसंतमामा बोलून गेले. "अख्ख्या विमानतळाला ऐकू गेलं."

गुरुजींनी घड्याळ दाखविले. विहीणबाईंनी मुलाकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले, आणि बाटलीचे पाणी घेऊन वाकल्या. गुडघा कटकन वाजला.

"गार आहे गं," म्हणाल्या, "सोस जरा."

मग मामांच्या उपरण्याचा अंतरपाट धरिला, मंगलाष्टके जाहली, आणि अडकलेल्या गाड्यांनी भोंग्यांचा चौघडा केला.

सारांश, वऱ्हाड हवेने गेले, रस्त्याने परतले, लग्न स्वतःच्याच हद्दीत लागले. मांडवातील पाहुण्यांनी वाट पाहिली, आणि मग जेवून घेतले. घाट मोकळा होऊन सर्व खाली उतरले, तों मठ्ठा तेवढा शिल्लक. तो विहीणबाई दोन वाट्या प्यायल्या आणि मानात उणे पडले असे काही बोलल्या नाहीत.