त्रेपन्न सालचं डिझेल

एक डिझेल इंजिन घ्यायचं, एवढंच हार्लन डीट्झने ठरवलं होतं. तेही खरं नव्हे, वीतभर लांबीचं.

पेन्सिल्वेनियातल्या बार्लो फोर्क गावात त्याच्या घराच्या तळघरात त्याने गावचं जुनं रेल्वे यार्ड हुबेहूब उभं केलं होतं. रूळ, पाण्याची टाकी, कोळशाचा ढीग, हमालाच्या तोंडातली सिगारेटसुद्धा. काळ ऑक्टोबर १९५३. म्हणजे कोळशाची इंजिनं अजून धावतायत आणि पहिलं डिझेल नुकतंच गावात आलंय. आता कोळशाची सात इंजिनं जमली होती, डिझेल एकही नव्हतं, आणि नोव्हेंबरात रेल्वे क्लबची सगळी मंडळी देखावा बघायला यायची होती.

दुसरा कोणी दुकानात जाऊन डिझेल घेऊन आला असता. हार्लन मात्र एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होता. खाटकाचा काटा आणि पेट्रोलचा पंप तपासता तपासता त्याचा जगावरचा विश्वास उडाला होता. (लग्नाचा दाखलासुद्धा त्याने पाद्र्यासमोर दोनदा वाचला होता. तारीख चुकलेली निघाली, हा त्याचा आजतागायतचा अभिमान.) त्याने दोन महिने पुस्तकं चाळली, भिंग घेऊन फोटो पाहिले आणि 'जीपी-सात' या इंजिनावर बोट ठेवलं. ते त्रेपन्न साली धावत होतं. त्याच्यासारखंच दिसणारं 'जीपी-नऊ' मात्र चोपन्नला निघालं, म्हणून ते बाद.

इंजिन आलं, रुळावर चढलं. आठवड्याने हार्लन तळघरात उतरला, तर इंजिनाखाली कागदाची चिठ्ठी. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत लिहिलेली: "हे चोपन्नचं. परत कर."

हार्लनने भिंग काढलं. चालकाच्या खोलीखाली हवेच्या झरोक्यांचे तीन पट्टे हवे होते. होता एक. दुकानदाराने सातच्या खोक्यात नऊ घातलं होतं.

पण दुकानदाराचा राग यायला त्याला सवड झाली नाही. त्याला घाम फुटला तो वेगळ्याच विचाराने. तळघरात आलं कोण?

घरात माणसं तीन. तो, बायको वर्ना आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई ओपल. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना जिना वर्ज्य. कपडे धुण्याचं मशीन तळघरात असल्यामुळे तीन वर्षं त्यांचे कपडेही हार्लनच धुऊन, वाळवून, घड्या घालून वर आणत होता. म्हणजे उरली वर्ना. आणि मागच्या दाराची किल्ली असलेला त्याचा जिवलग मित्र मर्ल कोवालिक.

त्याने वर्नापासून सुरुवात केली.

"वर्ना, सामानाची यादी जरा मोठ्या अक्षरांत लिहितेस का?"

"का? डोळ्यांना काय झालं?"

"काही नाही. आणि यादीत 'चोपन्न' लिही."

"चोपन्न काय?"

"काहीही. अंडी."

वर्नाने त्याच्याकडे एकटक पाहिलं. "हार्लन, तू कोणाला जेवायला बोलावलंयस का?"

अक्षर जुळलं नाही. अंडी मात्र पाच डझन आली. (वर्ना म्हणाली, चोपन्न सुटी मिळत नाहीत.)

हार्लनने 'नऊ' परत करून लांब गोल नाकाचं 'एफ-सात' आणलं. चौथ्या दिवशी चिठ्ठी: "हे मुख्य मार्गावरचं. आपल्या फाट्यावर कधी फिरकलं नाही."

आता मात्र मर्लचाच हात दिसत होता. इतकं बारीक ज्ञान दुसऱ्या कोणाला असणार? त्या गुरुवारी सासूबाईंना टीव्हीसमोर बसवून नवराबायको बाजाराला निघाले. निघता निघता हार्लनने तळघराच्या जिन्यावर पीठ भुरभुरवलं. परत आला तेव्हा पिठात रबरी बुटांचे ठसे होते. मोठे, अकरा नंबरचे. बूट त्याचेच होते, जिन्याच्या तोंडाशी ठेवलेले. क्षणभर त्याला स्वतःचाच संशय आला. मग आठवलं, अगदी तसेच बूट मर्लकडेही आहेत. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतले होते.

"माझं केकचं पीठ कुठे गेलं?" स्वयंपाकघरातून वर्ना ओरडली.

"मर्लमुळे गेलं!" हार्लन ओरडला.

क्लबच्या बैठकीत, सगळे डोनट खात असताना, त्याने दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या. "मर्ल, चूक दाखवायची तर तोंडावर दाखव. चोरासारखं घरात काय शिरतोस?"

मर्ल चिठ्ठ्या वाचत राहिला. मग त्याने खिशातून हार्लनच्या घराची किल्ली काढली आणि डोनटच्या ताटलीशेजारी ठेवली. "बावीस वर्षं ही माझ्याकडे होती," तो म्हणाला. "तुझ्या आजारपणात तळघरातली, घर गरम ठेवणारी भट्टी मी पेटवत होतो." आणि कोट न घालताच निघून गेला.

हार्लनला वाटलं होतं, आपण जिंकू. घरी येताना गाडीत त्याला काहीच जिंकल्यासारखं वाटलं नाही.

त्याने खरंखुरं 'जीपी-सात' मिळवलं. झरोके तीनदा मोजले. आणि सोमवारी चिठ्ठी आली: "साल बरोबर. इंजिन चूक."

किल्ली तर हार्लनच्या खिशात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ना चर्चच्या कामाला गेली. हार्लनने "मीही निघालो!" म्हणून दार दणकन लावलं आणि मागच्या दाराने येऊन तळघरात भट्टीमागे दडून बसला. दहा मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. चांगली तुरुतुरु.

रबरी बूट घालून, हातात सँडविच घेऊन ओपलबाई खाली उतरल्या. कठडासुद्धा धरला नाही. हार्लनच्या स्टुलावर बसल्या, बटण दाबलं आणि कोळशाचं इंजिन यार्डभर फिरवू लागल्या. वळणावर त्यांनी तोंडाने शिट्टीही घातली.

"आई!" हार्लन भट्टीमागून उठला.

ओपलबाई दचकल्या नाहीत. सँडविचचा घास संपवला. "आंबट काकडी कमी झाली," म्हणाल्या.

"तुमचे गुडघे?"

"अधूनमधून बरे असतात."

"तीन वर्षं मी तुमचे कपडे धुतोय!"

"आणि छान धुतोस. वर्नाला नाही जमत." त्यांनी गाडी थांबवली. "बोलले असते, पण मग मशीनही मलाच लावावं लागलं असतं. आणि जिना घसरडा आहे रे, म्हणून तुझे बूट."

हार्लन जिन्याच्या पायरीवर बसला. "पण तुम्हाला काय ठाऊक, कुठलं इंजिन आलं होतं ते?"

"मी यार्डात टंकलेखिका होते. मंगळवार होता. काळं, गोल कडांचं, आणि सुरू होताना असा काळा धूर ओकलं की यार्डामागे दोरीवर वाळणाऱ्या माझ्या चादरी काळ्या झाल्या. आणि म्हणे हे स्वच्छ इंजिन! 'आर-एस-तीन' लिहिलेला कागद मीच टाइप केला होता." त्यांनी कोळशाचं इंजिन बोटाने जरा मागे घेतलं. "माझा नवरा क्लेटन इंजिनांचे बॉयलर दुरुस्त करायचा. डिझेलला बॉयलर कुठे? पुढच्या उन्हाळ्यात त्याला घरी बसवलं."

"मग ते इंजिन इथे नकोच असेल तुम्हाला."

"हवंय. त्याची नोकरी खाल्ली ती त्या इंजिनाने. भलत्याच इंजिनाने खाल्ली असं लोकांना वाटायला नको."

त्यांना बसायला द्यावं म्हणून हार्लनने स्टुलाला हात घातला. त्या त्यावरच बसल्या होत्या, हे नंतर त्याच्या लक्षात आलं.

"आणि गुडघ्यांचं वर्नाला कळलं," ओपलबाई म्हणाल्या, "तर सांगीन, तूच मला रोज इथे उतरवतोस."

'आर-एस-तीन' आलं. बाकी राहिला मर्ल. सासूबाईंचं नाव घेता येत नव्हतं, मग चिठ्ठ्या लिहिल्या कोणी? मर्लच्या अंगणात कोट परत करताना हार्लनने जीभ चावत सांगितलं, "चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. लिहिल्या आणि विसरलो."

हार्लनची कल्पना होती, मर्ल थोडीफार उलटतपासणी करेल. त्याने स्वतः केली असती. मर्लने मात्र लगेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला आधीपासून शंका होतीच रे," तो मायेने म्हणाला, आणि त्याने बायकोला हाक मारली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, हार्लनला स्मृतिभ्रंश झालाय. क्लबने, आजाऱ्याच्या घरी पाठवतात तशी, चीज घालून भाजलेल्या शेवयांची मोठी परात पाठवली. वर्नाला चोपन्न अंडी, पीठ, सगळं एकदम उलगडलं. तिने रडत रडत गाडीची किल्ली लपवली आणि त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, छंद चालू ठेवा, पण तळघरात एकटं सोडू नका.

"मी जाते सोबत," ओपलबाई म्हणाल्या. "गुडघे दुखतील, दुखू देत. पोरासाठी एवढं करायलाच हवं."

वर्नाने आईला मिठीच मारली.

नोव्हेंबरात क्लबची मंडळी आली. स्टुलावर ओपलबाई, हातात बटणं. हार्लन बाजूच्या खुर्चीत, मांडीवर शाल. मर्ल वाकून वाकून डिझेल पाहत होता. "अचूक! अगदी त्रेपन्नचंच. निवडलं कोणी?"

"ह्यानेच," ओपलबाईंनी हार्लनचा गाल थोपटला. "मी रोज थोडी आठवण करून द्यायची, एवढंच."

हार्लनने तोंड उघडलं. पण डॉक्टरांनी वाद घालायला मनाई केली होती, आणि मशीनमधले ओपलबाईंचे कपडेही एव्हाना धुऊन झाले होते, ते त्यालाच वाळवायचे होते.