चाळीस मिनिटांची चोरी

‘सूक्ष्मदृष्टीचा महामेरू, पुराव्यांचा पारखी आणि गुन्हेगारांचा कर्दनकाळ (बहुधा).’

वहीच्या पहिल्या पानावर भिंगकाकांनी स्वतःची ओळख अशी लिहून ठेवली होती. कंसातला शब्द दुसऱ्या दिवशी घातलेला होता. तिसऱ्या दिवशी त्यांना ‘महामेरू’ही जरा उंच वाटला आणि त्यांनी त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘लहान’ असं लिहिलं. कर्दनकाळाला मात्र त्यांनी हात लावला नाही. आजवर एकही गुन्हेगार हाती लागला नव्हता. त्यामुळे तो लागल्यावर आपण नेमके कोण होऊ, हे आधीच ठरवणं त्यांना घाईचं वाटत होतं.

तेहतीस वर्षं त्यांनी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. निवृत्तीनंतर ते एका दोन खोल्यांच्या सहल कार्यालयात वेळापत्रकं आखून द्यायला जाऊ लागले. कार्यालयाच्या सहली आटोपशीर असत. शनिवारी सकाळी निघायचं, एखादं जुनं शहर पाहायचं, रात्री जवळच्या खेड्यात मुक्काम, रविवारी परत. काकांनी यांतलं एकही शहर पाहिलं नव्हतं. प्रवासात त्यांना मळमळत असे. पण जुन्या पुस्तकांतल्या नकाशांवर गल्ल्यांच्या वळणावळणांनी शिवणाचा दोरा ठेवायचा, तो उचलून मापपट्टीला लावायचा आणि लांबीवरून मिनिटं काढायची, ही त्यांची पद्धत होती. पाच शहरं त्यांनी अशी दोऱ्यावर तोलली होती आणि पाचही बिनबोभाट पार पडली होती. नकाशातली बारीक अक्षरं वाचायला ते भिंग वापरत, म्हणून भिंगकाका. हेराच्या हातातही भिंग असतं, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून बिचारे अडकलेच.

घोटाळा झाला तो सहाव्या शहरात.

मंगळवारी मालकीणबाईंनी त्यांना आतल्या खोलीत बोलावलं. गाईडबाई आधीच तिथे उभ्या होत्या. पस्तिशीच्या, सडपातळ, हातात लाल छत्री. गर्दीत मंडळींना दिसावी म्हणून त्या ती उन्हातही उघडून उंच धरत.

“काका, सलग तिसरा शनिवार,” मालकीणबाई म्हणाल्या. “साडेतीनला घड्याळाच्या मनोऱ्यापासून निघायचं, पंचवीस मिनिटांत पूर्व दरवाजा, चार दहाची खेड्याची बस. तुमच्याच कागदावर आहे. आणि ही पोचते चार पस्तीसला! पुढची बस साडेसहाची. लोक खेड्यात पोचतात तेव्हा मिट्ट काळोख. एका आजोबांनी लिहिलंय, ‘खेड्यातलं तळं फार छान होतं. आम्ही ते ऐकलं.’”

“मॅडम, मी सांगतेय ना, तो रस्ताच लांब आहे,” गाईडबाई म्हणाल्या.

“काकांचा दोरा पाच शहरांत चुकला नाही. मग ही चाळीस मिनिटं जातात कुठे?” मालकीणबाईंनी काकांकडे पाहिलं. “शुक्रवारपर्यंत मला उत्तर हवंय. नाहीतर या शनिवारपासून दुसरी गाईड बघते.”

गाईडबाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. बाहेर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “काका, बारा वर्षं टंकलेखन केलं मी. बसून बसून पाठीचं लाकूड झालं होतं. पायांची अशी ही पहिलीच नोकरी आहे माझी.”

काकांचं काळीज हललं. पण गुन्हेशोधनात काळजाला बसायला जागा नसते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

“तुमची जबानी घ्यावी लागेल,” ते शक्य तितक्या जड आवाजात म्हणाले.

“घ्या की. मध्ये टेकडी आहे. एकशे बारा पायऱ्या.”

“नकाशात एकही पायरी नाही.”

“नकाशात मीही नाहीये, काका. पण आहे ना?”

काकांनी वहीत लिहिलं: ‘संशयित भूगोलावर ठपका ठेवते. हुशार आहे.’

बुधवारी पहिला सिद्धांत जन्माला आला. मनोऱ्याचं घड्याळच मागे असणार! साडेतीन म्हणून मंडळी निघतात, तेव्हा खरे चार दहा झालेले असतात. म्हणजेच कोणीतरी रोज रात्री मनोऱ्यावर चढून काटे मागे सरकवतं. का? ते पुढच्या प्रकरणात कळेल. काकांनी त्या शहराच्या नगरपालिकेला फोन लावला.

“तुमच्या मनोऱ्याचं घड्याळ किती मागे आहे?”

“अकरा वर्षं,” पलीकडचा कारकून म्हणाला. “बंद आहे ते.”

दुसरा सिद्धांत लगोलग आला. गाईडबाई मंडळींना एखाद्या दुकानात नेत असणार, दुकानदार मागच्या दाराने तिचे आभार मानत असणार. पुरावाही होता: मागच्या शनिवारी गेलेल्या एका निवृत्त शिक्षिका नवीकोरी टोपी घालून परतल्या होत्या. काका त्यांच्या घरी गेले.

“ही टोपी कुठे घेतलीत?” त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

“तुमच्या कार्यालयाच्या खालच्या दुकानात. निघायच्या आदल्या दिवशी. का हो, तुम्हाला पण हवीय?”

काकांना नाही म्हणता आलं नाही. शिक्षिकांपुढे त्यांना आजही नाही म्हणता येत नसे. त्या स्वतः दुकानापर्यंत आल्या आणि काका टोपी घालूनच कार्यालयात परतले. हेराला ती शोभते असं त्यांना वाटलं. काकांना ऊन लागलंय, असं मालकीणबाईंना वाटलं.

तिसरा सिद्धांत सर्वांत भयंकर होता. तिन्ही शनिवारच्या मंडळींत हातात काठी असलेला एक म्हातारा होता. म्हणजे प्रतिस्पर्धी कार्यालयाचा हस्तक! वेष पालटून यायचं, लंगडायचं, बस चुकवायची. काकांनी तिन्ही याद्यांवरून फोन फिरवले. म्हातारे तीन निघाले. काठ्याही तीन. शिवाय चौथा एकजण येत्या शनिवारी काठी आणू का, असं विचारत होता. दोन दिवसांच्या आटोपशीर सहलींना कोण जातं, याचा विचार काकांनी तोवर केलाच नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी घरच्या टेबलावर त्यांनी ग्रंथालयातून आणलेला तो जाडजूड ग्रंथ पुन्हा उघडला. शहराचा नकाशा दोन पानांवर पसरलेला. डाव्या पानावर मनोरा, उजव्या पानावर पूर्व दरवाजा. दोरा ठेवला, मोजला. पंचवीस मिनिटं. पुन्हा मोजला. पंचवीसच. चौथा सिद्धांत उरला होता आणि तो फार साधा होता: बाई हळू चालते. उद्या तो सांगायचा आणि एका माणसाची नोकरी घालवून यायचं.

“माझं निळं रीळ परत तुम्हीच ढापलंत ना?” बायको दारात उभी. ती घरी पडदे शिवून देत असे. “तिकडे अर्धा पडदा मशीनवर लटकतोय आणि साहेब खेळत बसलेत.”

“खेळत नाही गं. तपास चाललाय.”

“कोणाचा?”

काकांनी सगळं सांगितलं. मनोरा, दरवाजा, चाळीस मिनिटं, काठ्या. टोपीचा भाग वगळला. तिने ती आधीच पाहिली होती.

ऐकता ऐकता तिने दोरा उचलायला हात पुढे केला आणि थांबली. “हा दोरा तुम्ही शिवणीवरून असाच सरळ नेलाय?”

“कसली शिवण?”

“अहो, ही पानं शिवलेलीच आहेत ना मधे? दोन तुकडे जोडले की शिवणीत कापड जातं. इकडून अर्धा इंच, तिकडून अर्धा इंच. म्हणून तर आम्ही आधीच जास्तीचं धरतो. तुम्ही काय धरलंत?”

काकांनी तेहतीस वर्षांत लाखभर पुस्तकं हाताळली होती. पुस्तक शिवलेलं असतं, हे त्यांना माहीतही होतं. फक्त पुस्तकाच्या शिवणीत एखादी टेकडी जाऊ शकते, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

तिने दोन्ही अंगठे पानांच्या मध्ये घालून, पडद्याची दुमड उसवावी तसा ग्रंथ कराकरा उघडला. जुनी खळ सुटली. आणि खोबणीतून दोन बोटं रुंद पट्टी बाहेर आली: तीन गल्ल्या, एक टेकडी, तिच्यावर चढत गेलेल्या आडव्या रेघांची शिडी.

“किती पायऱ्या म्हणाली होती ती?”

“एकशे बारा,” काका पुटपुटले.

“घ्या. मोजा आता भिंगाने.”

पण काकांचं भिंग भलतीकडे गेलं होतं. शेवटच्या पानावर ग्रंथालयाची चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘पुस्तकाची पुनर्बांधणी तपासली. उत्तम.’ खाली सही. ती सही त्यांचीच होती, अठ्ठावीस वर्षांनी तरुण आणि भलतीच खात्रीची.

रात्रभर त्यांना एक मोह छळत राहिला. पुस्तक बांधणारा कारागीर केव्हाच वारला होता. दोष त्याच्या माथी मारला तर तो काही तक्रार करायला येणार नव्हता. शिवाय टेकडी गिळली होती ती त्यानेच. पण ‘उत्तम’ कोणी लिहिलं होतं?

शुक्रवारी आतल्या खोलीत गाईडबाईंनी लाल छत्री आधीच टेबलावर ठेवली होती, परत करायची म्हणून. काका उभे राहिले. हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली होती.

“गुन्हेगार… याच खोलीत आहे.”

मालकीणबाईंनी गाईडबाईंकडे पाहिलं. गाईडबाईंनी दाराकडे.

“तो मी आहे,” काका म्हणाले आणि घाईघाईने ग्रंथ उघडून चिठ्ठीसकट सगळं दाखवलं.

मालकीणबाईंनी चष्मा काढला. “म्हणजे ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.”

“जबानीत नोंद आहे,” काका म्हणाले. “मी तिच्यापुढे ‘हुशार’ असंही लिहिलंय.”

“ठीक आहे. उद्या मनोऱ्यापासून तीनला निघा. चार दहाची बस मिळाली तर बाई खरी, नोकरी पक्की. आणि काका, तुम्हीही जायचं. पायांनी मोजून या.”

शनिवारी काका, काकू आणि चौदा मंडळी निघाली. मळमळ सोसून काका मनोऱ्यापर्यंत नीट पोचले. अठ्ठेचाळिसाव्या पायरीपर्यंतही बरे होते. एकोणपन्नासाव्या पायरीवर त्यांनी ‘जरा वास्तुरचना पाहतो’ असं जाहीर केलं आणि बसकण मारली. काठीवाले एक आजोबा टकटक करत त्यांना मागे टाकून गेले. फोनवर काठीचं विचारणाऱ्या त्या चौथ्याने तर काठी देऊ केली.

वर लाल छत्री थांबली. “काका, उठा. चारला दहा कमी आहेत. अजून उतार आहे पूर्ण.”

“तुम्ही थांबला आहात?” काका धापा टाकत म्हणाले. “माझ्यासाठी? अहो, जा! तुमची नोकरी… पुरावा… जा म्हणतो ना!”

“तुम्हाला इथे टाकून?”

“टाका! यापूर्वी मी तुम्हाला टाकतच होतो की.”

“जा गं बाई,” काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. “मी आहे यांच्याजवळ. मागे वळून पाहिलंस तर हे परत भाषण करतील.”

छत्री हलली, झपझप वर गेली आणि टेकडीपलीकडे उतरली. दोघं एकोणपन्नासाव्या पायरीवर बसून राहिले. खाली जुन्या शहराची कौलं उन्हात पसरली होती. एकही गल्ली दोऱ्यासारखी नव्हती. काकांनी घड्याळ पाहिलं, मग पाहायचं नाही असं ठरवलं, मग पुन्हा पाहिलं.

चार बारा झाले आणि फोन वाजला.

“काका, बसलो बसमध्ये! सगळे चौदा. खिडक्यासुद्धा मिळाल्या!”

काकांनी वही उघडली, कारण रडण्यापेक्षा ते बरं दिसलं असतं. “वेळापत्रकात काय लिहू?”

“मनोरा ते दरवाजा, पासष्ट मिनिटं.”

“आणि माझ्यासारखा कोणी असला तर?”

बसच्या आवाजातून गाईडबाईंचं हसू स्पष्ट ऐकू आलं.

“मग तिथेच मुक्काम लिहा.”