दिगू मास्तर आणि उलटा काळ

काळ एकाच दिशेने का वाहतो, हे विश्वातले सर्वांत गहन कोडे आहे, असे मोठमोठे विद्वान सांगतात. आमच्या शेजारचे दिगू मास्तर हे कोडे मानतच नाहीत. त्यांच्या मते काळाला ती नुसती सवय लागली आहे.

मास्तरांनी आचऱ्यात जन्मभर विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती बरासा फोन आला आणि त्यात चित्रण उलटे चालवायची सोय सापडली. तेव्हापासून वाडीत कुणाला काही सरळ बघायला मिळालेले नाही. नारळ जमिनीवरून उठतो आणि माडाला जाऊन चिकटतो. रापणीचे जाळे ओढणारे लोक पाठमोरे धावत सगळी मासळी समुद्राला परत करतात. त्या चित्रणात सर्वांत समाधानी बांगडे दिसतात. एवढे दाखवून झाले की मास्तर मालवणी सोडून शुद्ध मराठीत येतात. "बघितलेत? नियमांची काही हरकत नाही."

हरकत काकींची असते. एकदा जेवताना हे व्याख्यान रंगात आले, तेव्हा त्यांनी सोलकढीची वाटी नवऱ्यापुढे सरकवली.

"ह्यातला कोकमाचा आगळ येगळा करा आणि नारळाचा दूध येगळा. मगे बोला."

"तां अशक्य नाय," मास्तर म्हणाले. "शक्यता फार कमी आसा, इतक्याच."

"मगे गप पिवा."

मालवणच्या डॉक्टरांनाही मास्तरांनी विचारले होते की काळे केस पांढरे होतात, तर पांढरे काळे का होऊ नयेत. डॉक्टरांनी कलप लावायला सांगितला.

मास्तरांच्या घराच्या मधोमध चिऱ्यांची भिंत आहे. पलीकडे त्यांचे थोरले भाऊ अण्णा राहतात. मुंबईची नोकरी संपवून अण्णा कायमचे गावी आले, तेव्हा आंब्याच्या कलमांवरून काहीतरी वाद झाला आणि मास्तर बोलून गेले, "तू पावणो. पावण्यासारखो रव." अण्णांनी गवंडी आणला. तेव्हापासून एका छपराखाली दोन दारे, दोन चुली आणि बोलणे बंद. मास्तरांच्या त्या वाक्याचे चित्रण झालेले नव्हते, त्यामुळे ते उलटे चालवायची सोय नव्हती.

मग गेल्या हिवाळ्यात गावपळण आली. दर काही वर्षांनी ग्रामदेवाचा कौल झाला की आमचा अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर झोपड्या बांधून तीन रात्री राहतो. मग पुन्हा कौल लावतात. देवाने उजवा दिला तर घरी परत, नाहीतर मुक्काम वाढतो. मास्तर देव मानत नाहीत. पण त्या दिवसांत गावात एकही चूल पेटत नसल्याने त्यांचा नास्तिकपणा आमच्याबरोबर वेशीबाहेर येतो.

आमच्या वाडीचा रिवाज असा की मूळ घर एक, तर झोपडीही एक. मधली भिंत त्यात धरत नाहीत. भावांपुढे इलाज नव्हता. झोपडीला माडाची झापे बांधायची म्हणजे एकाने धरायचे आणि दुसऱ्याने सुंभ आवळायचे. हे काम मुक्याने होत नाही.

"धर," अण्णा म्हणाले. भिंतीनंतरचा हा पहिला शब्द.

"धरलंय."

"नीट धर. पयल्यापास्ना तुका वाकडाच धरूची सवय."

"तू वाकडा ओढतंस, तेका मी काय करू?"

मी काहीतरी बोलणार होतो, तर काकींनी मला हळूच दटावले. "भाऊ, मदी बोला नकात. भांडतत ते. भांडूंदेत."

ते तीन दिवस भांडले. दुसऱ्या दिवशी गरी घेऊन दोघे ओहोळावर गेले, रिकामे परतले आणि न मिळालेला मासा कुणाच्या चुकीने सुटला यावर संध्याकाळपर्यंत वाद घातला. एका पानावर जेवल्यासारखे एकमेकांच्या ताटातले उचलून खाल्ले. मास्तरांचा फोन काकींच्या पिशवीत पडून होता.

चौथ्या दिवशी सकाळी देवळाचे मानकरी बाबल कौल लावायला गावात निघाले. त्यांची नारळाची पिशवी घेऊन मी वेशीपर्यंत बरोबर होतो. तिथे मास्तर एकटेच उभे होते.

"बाबल, देवाक सांग, आणखी एक दिवस रवतो आमी."

"कित्याक? झोपडेक भाडेकरू गावलो?"

"तू विचार तर खरो."

"मास्तर, तुमी देव मानूक लागलास कदी?"

मास्तर माझ्या हातातल्या पिशवीतले नारळ मोजू लागले. बाबल हसले. "काय, काळ उलटो फिरवचो आसा?"

"उलटो नको," मास्तर म्हणाले. ते मालवणीतच बोलत होते. "तो वायच जरासो थांबलो तरी चलात."

बाबल मान हलवून आत गेले. त्यांनी मास्तरांचे गाऱ्हाणे देवापुढे अगदी शब्दशः घातले, असे ते नंतर शपथेवर सांगत होते.

देवाने पहिल्याच खेपेला उजवा कौल दिला. जेवणवेळेला मास्तर आपल्या दाराने घरात गेले आणि अण्णा आपल्या.