अकरा सेकंदांची चाळणी

अर्ज पाठवल्यावर अकराव्या सेकंदाला नकाराचं पत्र आलं. त्यातलं ‘आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’ हे वाक्य प्रोग्रामरने वाचलं नाही. चार वर्षांपूर्वी ते त्यानेच लिहिलं होतं.

माणसाच्या नजरेला पडण्याआधी नोकरीचे अर्ज तपासणारी ती संगणकीय चाळणी त्याने जुन्या कंपनीत असताना तयार केली होती. आता तो दोन महिने घरी बसून होता, आणि चाळणी विकत घेतलेल्या एका कंपनीला ती दुरुस्त करणारा माणूस हवा होता. ही नोकरी आपल्यासाठीच निघालीय, असं त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं. तिने मुलाखतीचा शर्ट इस्त्री करून ठेवला.

रेझ्युमे एका पानाचा होता, नेटका होता. मग त्याला आपलाच नियम आठवला. सहा वर्षांत तीनपेक्षा जास्त नोकऱ्या, म्हणजे माणूस टिकत नाही, बाद. त्याच्या चार होत्या. त्याने सात महिन्यांची एक नोकरी गाळली. अकरा सेकंद. मध्ये सहा महिन्यांहून मोठी फट दिसली तरी बाद, हा नियमही त्याचाच. त्याबद्दल तेव्हाच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती.

शेवटी त्याने भरतीवाल्या बाईंना फोन लावला.

“सहा आठवडे एकही अर्ज माझ्यापर्यंत पोचलेला नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर माणूस हवाय.”

“तो माणूस मीच. चाळणी मीच केलीय.”

“मग रेझ्युमेत लिहा ना तसं.”

“लिहिलंय. तो तुमच्याकडे येतच नाही.”

“आला की बघते.”

वडील शेजारच्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. गोदामपाल म्हणून गेल्याच महिन्यात निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांचं मत पडलं, की अर्ज भरण्यातच पोराचं काहीतरी चुकतंय. खात्री करायला त्यांनी स्वतःची माहिती भरून पाहिली. एकच कचेरी, छत्तीस वर्षं, खंड नाही. संगणकाचा अनुभव या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘कुलूपबंद ठेवणे.’

अकराव्या सेकंदाला मुलाखतीचं बोलावणं आलं.

बोलावल्यावर न जाणं बरं दिसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी वडिलांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि ते गेले. चार वाजता परत आले. शर्ट काढून नीट हँगरला लावला.

“बाईंना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, मी साधा गोदामपाल, चाळणी माझ्या मुलाची. बाई एवढ्या खूश झाल्या, म्हणाल्या, त्याच माणसाची वाट बघतोय.”

प्रोग्रामर उठून उभा राहिला. “मग?”

“मग काय, नोकरी तुझीच,” वडील म्हणाले. “फक्त तेवढा एक अर्ज भर म्हणाल्या.”