मूळ गळतीचे जतन

थोर वास्तुविशारदाचे घर राहण्यासाठी नसते, बघण्यासाठी असते. आणि हे सर्वांत उशिरा त्याच्या बायकोला कळते.

आम्ही सहलीत पाहिलेले घर नुकतेच मूळ स्थितीत आणले आहे. मूळ स्थितीत दिवाणखान्याचे छत गळत असे. कुणा अडाणी कंत्राटदाराने ती गळती बुजवली, तेव्हा तज्ज्ञ समितीने त्याला हाकलून, वर नळी बसवून गळती पूर्ववत केली. खाली मूळ जस्ती बादलीही आहे (ही वास्तुविशारदाच्या पत्नीने ठेवली, घरातली एकमेव सोयीची वस्तू). नव्वद टक्के लोक ही गळती पाहायलाच येतात. उरलेल्या दहा टक्क्यांना नवरा घेऊन येतो.

माझी साडेतीन वर्षांची लेक डायपर सोडून पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. भेटेल त्याला सांगत होती, "मी मोठी झाले."

"आई, शू."

मी गाईडबाईंना विचारलं.

"टॉयलेट आहे ना! बघायला उघडं आहे," त्या अभिमानाने म्हणाल्या. "वापरायचं ते फाटकापाशी."

फाटक टेकडीखाली होतं.

"थोडी कळ काढ, राणी."

"थोडीच काढते."

तेवढ्यात गाईडबाईंनी जाहीर केलं, "क्षमस्व, आज नळाला पाणी नाही. गळती बंद आहे." माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला. सगळे सुतकी चेहऱ्याने शेजारच्या खोलीत, न बसण्याची खुर्ची बघायला गेले. आम्ही दोघी मागे राहिलो.

लेकीने पाय घट्ट जुळवले. "आई, मी परत लहान होणार का?"

मी बादलीकडे पाहिलं. ती ठेवणाऱ्या बाईला समजलं असतं.

जस्ताचा नाद घुमतो. शेजारची खोली एकदम गप्प झाली.

"चालू झाली!" गाईडबाई ओरडल्या. मंडळी धावत आली, तोवर लेकीचा फ्रॉक खाली आला होता. नवऱ्याचे डोळे पाणावले. एक प्राध्यापक बादलीत डोकावून म्हणाले, "वा! पाण्यालासुद्धा काळाची छटा दिलीय!"

लेकीने फ्रॉक चाचपला. "कोरडा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती त्या आपल्याच समजली. (होत्याच.)

बादलीचा फोटो पुढे फार गाजला. तुम्हीही पाहिलात. खाली 'याला म्हणतात अस्सल!' असं तुम्हीच लिहिलंत ना?

लेक मनापासून आभारी आहे.