दुपट्ट्याखालचं गणित

वानखडे सरांनी मला फसवलं. मी परतवाड्याच्या बैलबाजारातला दलाल आहे. उलटं घडलं असतं तर त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

सर जवळच्या एका खेड्यात गणित शिकवतात आणि बसून दिलेलं उत्तर ऐकूनच घेत नाहीत. "बसून आलेलं उत्तर शिळं असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहाच्या टपरीवर मी एकदा सहज विचारलं, "सर, शाळा कितीला सुटते?" तर म्हणाले, "त्या लिंबापर्यंत चाला, सांगतो." आणि मी चाललो! भर चौकात, गिऱ्हाइकांच्या देखत.

पँट कायम गुडघ्यापर्यंत पांढरी, कारण मैदान आखायची फक्की. गाडीला लटकवलेल्या पिशवीला भोक आहे. ते शिवायचं सोडून हा गृहस्थ रोज रस्ताभर रेघ ओढत शाळेत जातो. तिथे मुलांना काय शिकवतो? उड्या. चौकटी आखायच्या, एका पोरानं प्रत्येक तिसऱ्या चौकटीत उडी मारायची, दुसऱ्यानं प्रत्येक चौथ्या. दोघं एकाच चौकटीत आदळले की झाला म्हणे लघुत्तम साधारण विभाज्य. मी चौथीत शाळा सोडली. एकही उडी न मारता दुमजली घर बांधलं.

तर हे सर बाजारात आले. म्हणाले, "भाऊ, जोडी घ्याची हाय. पण पयले तुमची ती बोटाइची भाषा शिकवा."

आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्टा टाकायचा, त्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शंभर की हजार ते जनावर पाहून समजतं. ही विद्या मी उन्हात उभं राहून, शिव्या खाऊन मिळवली. पण बांधलेल्या पगाराचा माणूस जोडी घेतो आहे म्हटल्यावर मी विरघळलो. चहा पाजून शिकवलं. सगळं आल्यावर सर उठले.

"अन् जोडी?" मी विचारलं.

"बैल ठेवू कुठी, भाऊ? मले पोट्ट्याइसाठी खेळ पायजे होता."

त्यांनी त्याचा 'गुपचूप बाजार' केला. मुलं दुपट्टे घेऊन मैदानभर धावतात, एकमेकांच्या हातात आकडे दाबतात, बेरीज-वजाबाकी करत पुढे पळतात आणि बरोबर आकड्याच्या रिंगणात जाऊन उभी राहतात. तोंडातून शब्द काढला की बाद.

करा ना काय करायचं ते, मला काय! पण पुढच्या बाजारात एक शेतकरी गोऱ्हा विकायला आला, सोबत त्याची पोरगी रुचिता, सरांच्याच शाळेत सहावीत. घेणाऱ्यानं माझ्या हातात सहा दाबले. मी बापाच्या हातात पाच दाबले. मधलं माझं, यात पाप नाही, माझं पोट त्यावरच चालतं. बाप मान डोलावणार, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "बाबा, मले धरू द्या ना हात." लेकराचा हट्ट म्हणून सगळे हसले. तिनं बापाचा आकडा विचारून घेतला, मग घेणाऱ्याच्या दुपट्ट्याखाली हात घातला. त्यानंही कौतुकानं सहा दाबले.

"काका," ती भर बाजारात ओरडली, "तिकडं सहा अन् इकडं पाच! वजाबाकी तुमच्यापाशी रायली!"

बाजार खदखदून हसला. तेव्हापासून शेतकरी बैलासोबत पोरगं आणतात. बायका विचारतात, "काहून भाऊ, वजाबाकी बरी हाय ना?"

मी तडक शाळेत गेलो. सर शिटी वाजवत मैदानाच्या कडेनं फिरत होते.

"सर, तुमी माहा धंदा बुडवून राहिले!"

"रुचितानं बरोबर सांगतलं ना पण?" चेहरा असा, जसं काही मी पेढे घेऊन आलो होतो.

शाळा सुटली, मुलं पांगली. मी पुढची शिवी जुळवत होतो, तर सर म्हणाले, "भाऊ, भांडण मंग करू. एक डाव खेळा माह्यासंग. हे सारे खेळ मीच काढले, पण मास्तरसंग कोनी खेळत नाई. पोट्टे पोट्ट्याइसंग खेळतेत, मी शिटी वाजवतो."

अकोल्याला जुन्या शहरात त्यांचं घर आहे म्हणे. इथं एकटेच राहतात; दिवाळीला तेवढे जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात.

मी दुपट्टा टाकला. रागानं तीन बोटं दाबली. सरांनी हात धरला, पण बोट काही दाबलं नाही. मी वाट पाहिली. फक्कीनं खरखरीत झालेला तो हात तसाच राहिला.

"सर, भाव बोला."

"घाई काय हाय, भाऊ?" ते रिकाम्या मैदानाकडे पाहत म्हणाले.

बाजाराचा कायदा आहे: दुपट्ट्याखाली हात धरला की भाव द्यावा, नाहीतर हात सोडावा. सरांनी दोन्ही केलं नाही. उन्हं उतरेपर्यंत मला तसंच उभं ठेवलं. आजवर कुणा व्यापाऱ्याची असं करायची छाती झाली नाही. अर्धवट सौद्यातून मी कधी उठलेलो नाही, म्हणून विचारतो: याचा जबाब कोण देणार? सर, तुम्हालाच द्यावा लागेल. उद्या शाळा सुटायच्या वेळी मी येतो आहे.