पिवळा की नारंगी?

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रोज सकाळी देवराव टेकाडे काचेच्या नळीत पिवळं पाणी घेऊन उभे असतात. नव्या भाडेकरूंना भलतीच शंका येते. तळमजल्यावरच्या काकूंनी तर एकदा विचारलंच, "लॅबवाला नाही आला का आज?"

ते पाणी असतं त्यांच्या माशांच्या टाकीतलं. औषधाचे थेंब टाकले की त्याला रंग येतो. पिवळा म्हणजे नायट्रेट कमी, टाकीतली झाडं उपाशी. लाल म्हणजे जास्त, मासे संकटात. मधला नारंगी तेवढा सुखाचा.

"भाऊ, खरं सांगजा. पिवळा हाय का नारंगी? मले त भेव लागून राहिलं."

भेव त्यांना सगळ्याचंच. ऑटो चौकातून परत फिरवून ते बंद गॅस पुन्हा बंद करून येतात. पण टाकीचं भेव वेगळं. नवं पान फिकं पडलं की लोह कमी झालं, जुन्या पानाला भोक पडलं की पोटॅश कमी झालं. सगळं हिरवंगार दिसलं तर आपल्या नजरेतून काय सुटलं, या काळजीनं जेवण जात नाही.

टाकी मुळात त्यांच्या रश्मीची. ती लग्न होऊन अकोल्याला गेली, टाकी अमरावतीतच राहिली. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. "बाबा, टाकी दाखवा." मग फोनचं तोंड टाकीकडे आणि बाप फोनच्या मागे.

मध्यंतरी त्यांना मोर्शीला लग्नाला जावं लागलं. टाकी माझ्या हवाली झाली. "रोज एक झाकण खत टाकजा. बाकी कशालेच हात लावू नोका."

मी शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. दुसऱ्याच दिवशी टाकीत एक पान पिवळं दिसलं. पिवळं पान पाहून गप्प बसणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय. बाल्कनीत कुंड्यांसाठी आणलेला युरिया होता. टाकली चिमूटभर. मग ती एकटी पडू नये म्हणून आणखी एक. संत्र्याच्या झाडाला एवढ्यानं ढेकरसुद्धा येत नाही.

मासे मात्र वर येऊन आ वासायला लागले. मी ते चांगल्या पाण्याच्या बादलीत हलवले, हवेची नळी सोडली. मासे वाचले. टाकी मात्र देवराव परत येईपर्यंत शेवाळानं पालकाच्या भाजीसारखी झाली. आत झाडं आहेत की नाहीत, कळेना.

ते आले, तेव्हा मी बायकोच्या मागे उभा होतो; युरियाचं तिनंच सांगून टाकलं. देवराव ओरडले नाहीत. टाकीसमोर खुर्ची ओढून बसले.

"आता रश्मी फोन काहून करन?"

"असं काय बोलता?"

"पोरगी टाकी पाहाले फोन करते, भाऊ. मायासंग काय बोलन ते?"

तेवढ्यात फोन वाजलाच. देवराव हलेनात. वाजून थांबला, पुन्हा वाजला. नको तिथे बोट घालायची माझी सवय जुनीच. मी बटण दाबलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"बाबा? टाकी कुठाय?"

"हिरवी झाली व बाई. काहीच दिसत नाही."

मी कबुलीजबाब द्यायला तोंड उघडलं. पण रश्मी टाकीबद्दल बोलेचना. बापाचा चेहराच बघत राहिली.

"तुमी काहून एवढे फिके पडले, बाबा? जेवता ना बरोबर?"

"जेवतो न."

"मी रविवारी येतो. आपण दोघं मिळून पाणी साफ करू."

फोन बंद झाला. प्रायश्चित्त म्हणून मी पाइप आणि रिकामी बादली उचलली. "रविवारची वाट कशाला? आत्ताच अर्धं पाणी काढतो. दोन दिवसांत काचेसारखी करून देतो टाकी!"

देवरावांनी झडप घालून बादली माझ्या हातातून काढून घेतली. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हात लावू नोका!"

मग हिरव्या पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "हे रविवारच्या आत आपोआप त साफ होत नाही न, भाऊ? मले त भेव लागून राहिलं. तो युरिया... हाय काय थोडासा उरलेला?"